यंत्राला सांगितलेली गोष्ट

दिग्दर्शक ग्लेब इग्नात्येविचचा सिनेमा एकवीस वर्षं मेलेला होता आणि आता वरचं वारं फिरल्यावर त्याला उठवून बसवायचं म्हणून सगळा स्टुडिओ कामाला लागला होता. मारणारेही याच स्टुडिओतले. त्यातले दोघे तर अजून त्याच खुर्च्या उबवत होते. पण १९८८ सालच्या त्या मार्चमध्ये जो तो आपण पहिल्यापासून या सिनेमाच्या बाजूचे होतो असं सांगत फिरायचा, आणि सांगणाऱ्याकडे कापितोलिना येगोरोव्हना चष्म्यावरून नुसती बघायची. तिनं बघितलं की माणसं जिना बदलायची.

कापितोलिना या स्टुडिओतली जुनी संकलक. वय एकोणपन्नास, अंगात पांढरा कोट, हातात पांढरे सुती मोजे, गळ्यात दोरीला बांधलेली कात्री. ‘सातवी खेप’ हा सिनेमा तिनंच जोडला होता आणि तिनंच वाचवला होता. तुरुंगछावणीतून सुटलेला एक माणूस गावी परततो, नदीपलीकडे घर दिसतं, पण उतरायची हिंमत होत नाही म्हणून सहा वेळा तराफ्यावरून नुसताच जातो-येतो, एवढीच गोष्ट. सदुसष्ट साली एवढीही वरच्यांना झेपली नाही. सिनेमा फळीवर गेला, म्हणजे कुठेच दाखवायचा नाही असं ठरलं, आणि मागोमाग हुकूम आला की फिल्म नष्ट करा. कापितोलिनानं डब्यांवर ‘साखर-बिटाची लागवड, भाग तिसरा ते अकरावा’ अशा चिठ्ठ्या डकवल्या आणि डबे तळघरात ठेवून दिले. एकवीस वर्षांत साखर-बीट बघायची इच्छा लेनिनग्राडमधल्या एकाही माणसाला झाली नाही.

आवाज मात्र तिला वाचवता आला नव्हता. आवाजाची फीत वेगळी, तिचं खातं वेगळं. त्या खात्यानं महिन्याभरात ती फीत पुसून तिच्यावर कुठल्याशा परिषदेतली भाषणं भरली. संहितेच्या प्रती जप्त झाल्या त्या झाल्याच. आता चित्र होतं आणि बोलणं नव्हतं. म्हणून नोन्ना ल्वोव्हनाला बोलावलं होतं.

नोन्ना बहिऱ्यांच्या कारखान्यात टोप्या शिवायची. लढाईत लेनिनग्राडला वेढा पडला त्या हिवाळ्यात, सहा वर्षांची असताना, तापात तिचे कान गेले. तेव्हापासून ती माणसांची तोंडं वाचत आली होती. बोलायची ती सपाट, चढ-उताराशिवाय, एखादं पत्र मोठ्यानं वाचावं तशी. चार दिवस ती संकलनाच्या टेबलाशी बसून पडद्यावरच्या ओठांवरून एकेक वाक्य उचलत होती आणि वहीत लिहीत होती. ग्लेब इग्नात्येविच मागे येरझाऱ्या घालत, वाळकी गोल बिस्किटं कुरतडत, मध्येच ओरडायचा, “बरोबर! अगदी हेच वाक्य होतं!” आणि मग त्याला आठवायचं की तिला ऐकू येत नाही. मग पुढे येऊन तेच वाक्य तिच्या तोंडासमोर पुन्हा म्हणायचा.

“ग्लेब इग्नात्येविच, तिच्या अंगावर बिस्किटाचा चुरा उडतोय,” कापितोलिना म्हणायची.

“उडू दे गं कापा! एकवीस वर्षं मी विजेच्या खांबावर कसं चढू नये याच्या फिल्मा काढल्यात. आज मला चुरा उडवायचा हक्क आहे.”

ते खरंच होतं. त्याचा हा पहिला सिनेमा आणि शेवटचाही. हा फळीवर गेल्यावर त्याला कुणी दुसरा दिला नाही.

पाचव्या दिवशी सकाळी आठव्या डब्याची पाळी आली. आठव्या डब्यात सहावी खेप होती. सहाव्या खेपेला नावाडी त्या सुटून आलेल्या माणसाकडे वळतो आणि अडतीस सेकंद बोलतो. सतरा मीटर फिल्म. त्या सतरा मीटरमध्ये प्रोखोर होता.

“हा डबा सोडून द्या,” ग्लेब म्हणाला. “ते सगळं बोलणं मला तोंडपाठ आहे. ‘आठवड्याभरात नदी गोठेल, मग मला कोण विचारतंय,’ आणि त्यापुढचं सगळं. उद्या बाराला नट येतोय आवाज द्यायला. बाईंना कशाला त्रास?”

“वाचू दे तिला,” कापितोलिना म्हणाली.

“अगं, पण तिथं वाचायला काही नाहीच! तुझ्या त्या नावाड्याला मी काय सांगितलं होतं? काहीही बोल, तोंड हलव म्हणालो. गाणं म्हटलं असेल नाहीतर बकऱ्या मोजल्या असतील.”

“मग बकऱ्या वाचू दे. तुम्ही जा, जेवून या. आज कँटीनमध्ये हेरिंगची मासळी आहे.”

हेरिंगचं नाव काढल्यावर ग्लेब थांबणारा माणूस नव्हता. दार लागलं. कापितोलिनानं डबा उघडला आणि फिल्म चढवताना तिला मोजे दोनदा काढून घालावे लागले, हात इतके घामेजले होते.

सहासष्ट सालच्या सप्टेंबरात चाळीस माणसांची टोळी उत्तरेकडच्या त्या नदीकाठी जाऊन उतरली होती. नावाड्याचं काम करणारा नट पहिल्याच आठवड्यात इतका प्यायला की त्याला मालाच्या ट्रकमधून परत धाडावा लागला. तेव्हा ग्लेबनं खऱ्या नावाड्यालाच उभा केला. प्रोखोर दानिलोविच, वय तीस, हाडापेरानं थोराड, आणि दिवसभर तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा गप्प. कापितोलिना तेव्हा सत्तावीसची. दिवसाचं काम संपलं की ती तराफ्यावर जाऊन बसायची आणि तो उतारू नसतानाही दोर ओढत तिला पलीकडे न्यायचा, परत आणायचा. त्याची एक लोकरीची बंडी होती, ती तो तिच्या खांद्यावर टाकायचा आणि दुसरीकडे बघायचा. चाळीस दिवसांत एवढंच घडलं. पण कापितोलिनानं मनाशी ठरवून टाकलं होतं, यानं ‘राहा’ म्हटलं तर मी राहीन. स्टुडिओ गेला खड्ड्यात.

ती बोलायची थांबायची नाही आणि तो ऐकायचा थांबायचा नाही. ती त्याला तिच्या आईबद्दल सांगायची. आई मुक्या सिनेमाच्या काळात पडद्यापाशी बसून पियानो वाजवायची. सिनेमा बोलायला लागला आणि आईची नोकरी गेली. तेव्हापासून पडद्यावर कुणी तोंड उघडलं की आई तोंड वाकडं करायची. ‘मुके होते तेव्हा खोटं बोलत नव्हते,’ म्हणायची. मग लढाईआधीचे आणि नंतरचे ते सिनेमे, ट्रॅक्टरवर गाणाऱ्या पोरी, कलिंगडांनी वाकलेली टेबलं. आणि ते बघून घरी यायचं तर बटाट्याच्या सालांचं सूप. आणि आता कुठे माणसं पडद्यावर हळू आवाजात, घरच्यासारखी बोलायला लागलीत, म्हणूनच मी या धंद्यात आले, असं ती सांगायची. प्रोखोर दोर ओढत राहायचा.

चित्रीकरणाच्या आदल्या संध्याकाळी त्यानं विचारलं होतं, “हे उद्याचं, तुम्ही नंतर बघणार?”

“शंभरदा बघणार. पुढून, मागून. तुझ्या थोबाडाचा कंटाळा येईपर्यंत.”

“आणि ऐकणार?”

“ऐकायचाच तर पगार घेते मी,” ती हसून म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं अडतीस सेकंद तोंड हलवलं. कॅमेरा मळणीयंत्रासारखा घरघरत होता. दहा पावलांवर उभ्या असलेल्या कापितोलिनाला एक अक्षर ऐकू आलं नाही. ऐकू यायची गरजही नव्हती, कारण त्या काळी सगळेच सिनेमे तसेच निघत. आधी चित्र घ्यायचं, आवाज मागाहून शहरात, स्टुडिओत भरायचा. प्रोखोरच्या तोंडी लेनिनग्राडच्या एका नटाचा आवाज तिनं स्वतःच बसवला होता, ओठाला ओठ जुळवून, अर्ध्या सेकंदाची चूक न करता. संध्याकाळी तिनं विचारलंही होतं, काय बोललास रे? तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला आणि म्हणाला, “कळेल की तुम्हाला.”

निघायच्या दिवशी त्यानं तिच्या पेट्या ट्रकमध्ये चढवल्या, खारवलेल्या अळंब्यांची बरणी तिच्या मांडीवर ठेवली आणि बाजूला होऊन उभा राहिला. ‘राहा’ म्हणाला नाही. ती वाट बघत होती, ट्रक सुरू होईपर्यंत बघत होती. मग तिला राग आला, आणि कापितोलिनाचा राग म्हणजे साधी गोष्ट नाही, तो वर्षानुवर्षं टिकतो. डिसेंबरात तिनं त्याला नववर्षाचं एक कार्ड पाठवलं. त्यावरही मानापमानापायी ‘आम्हा सर्व मंडळींतर्फे’ असं लिहिलं. उत्तर आलं नाही. पुढे तिनं एका हिशेबनीसाशी लग्न केलं, दोन वर्षांत मोडलं. एकवीस वर्षं सकाळी केस विंचरताना आणि ट्रामची वाट बघताना तिच्या मनात एकच प्रश्न असायचा, काय बोलला असेल तो? गेल्या आठवड्यात ग्लेबच्या पत्राला त्या गावाच्या पंचायतीचं उत्तर आलं. पहिला खेळ मे महिन्यात त्यांच्याच क्लबात करायचा असं ठरलं होतं. त्या वेळच्या माणसांची यादी सोबत होती: प्रोखोर दानिलोविच, आता तराफा नाही, पूल झाला आहे, पुलावर पहारेकरी, तब्येत ठीक, पत्नी व दोन मुली, खेळाला सहकुटुंब येतील.

“लावा,” नोन्ना म्हणाली.

कापितोलिनानं टेबल सुरू केलं. तीस वर्षांचा प्रोखोर दोर धरून उभा होता. त्यानं मान वळवली, पण सुटून आलेल्या माणसाकडे नाही, त्याच्या खांद्यावरून पलीकडे, जिथं कापितोलिना उभी होती तिकडे. हे तिनं शंभर वेळा पाहिलं होतं. नवख्या माणसाची नजर हटकून चुकते, असंच ती दर वेळी म्हणाली होती.

नोन्नानं एकदा सगळं पाहिलं. मग म्हणाली, “मागे घ्या.” मग परत. तिसऱ्यांदा तिनं पेन्सिल खाली ठेवली.

“हा सिनेमातलं बोलत नाहीये,” ती म्हणाली. “तुमचं नाव घेतोय.”

“सांगा.”

“लिहून देऊ? की—”

“सांगा, नोन्ना ल्वोव्हना. मी थांबवत जाईन.”

आणि नोन्ना तिच्या त्या सपाट आवाजात वाचत गेली. “कापितोलिना येगोरोव्हना. लोकांसमोर मला बोलता येत नाही. तुमच्यासमोर तर नाहीच. म्हणून यंत्राला सांगतो, तुम्ही ऐकालच. घरावर नवं छप्पर घातलंय. चूल पाडून पुन्हा रचली, आता धूर होत नाही. आई बहिणीकडे जायला तयार आहे. मी काही बोललो नाही, ती आपणहून म्हणाली.” इथं कापितोलिनाचा हात कळीवर नुसता टेकून राहिला, तेव्हा नोन्नानंच तिचं बोट दाबलं. “क्लबात सिनेमाचं यंत्र आहे, चालवणारं कुणी नाही. इथं तो दोराकडे वळतो, ओठ दिसत नाहीत, दोन शब्द गेले. मग— बर्फ धरायच्या आत एक शब्द कळवा. नाही कळवलंत तर समजेन. रागावणार नाही.”

फिल्म संपून रिळावर फटफट वाजायला लागली. नोन्नाला ते ऐकू येत नव्हतं आणि कापितोलिनाला ऐकूनही थांबवता येत नव्हतं.

तर असं होतं. त्यानं विचारलं होतं. आयुष्यात एकदाच तोंड उघडलं होतं आणि तेही नेमकं तिथं, जिथं ती हमखास ऐकणार अशी त्याची खात्री होती. खात्री तिनंच करून दिली होती, ऐकायचाच पगार घेते म्हणून. यंत्राला नुसतं दिसतं, ऐकू येत नाही, ही गोष्ट चाळीसच्या चाळीस जणांना ठाऊक होती आणि ती त्याला सांगायचं एकाच्याही डोक्यात आलं नाही. त्यानं बर्फ धरेपर्यंत वाट पाहिली असेल. रोज टपालाच्या गाडीपाशी जाऊन उभा राहिला असेल. आणि मग आलं काय, तर सर्व मंडळींतर्फे नववर्षाच्या शुभेच्छा. रागावणार नाही म्हणाला होता, तसा रागावलाही नाही. आणि ती मात्र बसली होती वर्षानुवर्षं नाकाच्या शेंड्यावर राग घेऊन. हा म्हणाला नाही म्हणून! कापितोलिनानं मोजे काढले, तोंडावर धरले आणि रडली. लपवायचंही तिच्या लक्षात आलं नाही.

नोन्ना तिच्याकडे बघत नव्हती. तोंडं वाचणाऱ्या माणसाला, कुणाला एकटं सोडायचं झालं तर दुसरीकडे बघावं लागतं.

“मी वहीत लिहिणार,” नोन्ना म्हणाली. “खोटं मी लिहीत नाही. पण वही तुमच्या हातात देईन, ग्लेब इग्नात्येविचांच्या नाही.”

ग्लेब आला तो ओठांवरचं तेल पुसत. कापितोलिनाला वाटलं, सांगावं की बकऱ्याच मोजत होता. मग वाटलं, या माणसाचाही सिनेमा आहे, त्यानंही एवढी वर्षं काढलीत. तिनं वही पुढे केली. त्यानं उभ्यानं वाचली, मग खुर्ची ओढून बसून पुन्हा वाचली.

“देवा रे,” तो म्हणाला. “कापा, हे सोनं आहे. सात जन्म लिहीत बसलो असतो तरी मला हे सुचलं नसतं. चूल पाडून पुन्हा रचली! हेच घालू. नाव तेवढं गाळू आणि हेच घालू.”

“नाही.”

“नाही काय? सिनेमा माझा आहे.”

“बायको येणार आहे त्याची. दोन पोरींना घेऊन. क्लबातल्या बाकावर बसून तिनं हे ऐकायचं? तिच्या घराची चूल कुणासाठी रचली होती ते?”

ग्लेबनं वही मिटली. “बरं. मग जुनंच बोलणं. नदी गोठेल, कोण विचारतंय. नट उद्या येतोयच.”

“आणि तो काय समजेल?” कापितोलिनाचा आवाज चढला. “त्याला वाटतंय मी तेव्हाच ऐकलंय. आता मे महिन्यात तो बसेल, स्वतःचं तोंड हलताना बघेल, आणि आतून दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज येईल. म्हणेल, ऐकलं, आणि वर दुसरं चिकटवलं. एकदा नाही म्हटलं ते पुरलं नाही तिला. आणि खरं सांगू? चिकटवलं मीच होतं. याच हातांनी.”

“अगं, पण मग उरतं काय? तो बोलतोय, तोंड हलतंय!”

“पाणी,” ती म्हणाली. “पाण्याचा आवाज घाला, दोराचा घाला. बोलू दे त्याला. कुणाला ऐकू नाही आलं तर नाही आलं.”

ग्लेबनं खिशातलं बिस्किट काढून कुरतडायला घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमटायला लागलं आणि कापितोलिनानं ते ओळखलं, कारण दिग्दर्शकाला दुसऱ्याची कल्पना आपली वाटायला लागली की तो असाच दिसतो.

“सगळा सिनेमा बोलतोय,” तो म्हणाला, “आणि हा एकच माणूस बोलताना ऐकू येत नाही. अडतीस सेकंद. कापा, समीक्षक यावर तीन-तीन पानं लिहितील गं. ‘मौनाचा अर्थ’ म्हणून. आणि मी मान डोलवत बसेन.”

“डोलवा.”

“नटाला काय सांगू?”

“हेरिंग खायला सांगा.”

तिनं कोट काढून खुंटीला टांगला. दुपारचे अडीच वाजले होते आणि तीस वर्षांच्या नोकरीत ती अडीचला कधी बाहेर पडली नव्हती. नोन्ना तिच्याबरोबर फाटकापर्यंत आली, तिचा हात धरून थांबली आणि म्हणाली, “चांगला बोलत होता. स्वच्छ. घाईनं नाही. इतकं स्वच्छ बोलणारी माणसं मी थोडीच पाहिलीत.” मग नोन्ना ट्रामकडे गेली आणि कापितोलिना तारघराकडे.

तारघरात तिच्यापुढे दोन माणसं होती. कापितोलिनानं उभ्याउभ्या तीन फॉर्म फाडले. पहिल्यावर फार लिहिलं होतं, दुसऱ्या-तिसऱ्यावर माफी मागितली होती, आणि माफी घेऊन तो आता काय करणार? वरातीमागून घोडं, आणि घोड्याच्या पाठीवर माफी. घरी तार गेली तर बायकोच्या हाती पडेल, म्हणून पत्ता तिनं पुलावरच्या पहारा-चौकीचा घातला. चौथा फॉर्म तिनं खिडकीतून आत सरकवला. खिडकीतली मुलगी पापण्यांना निळा रंग लावलेली, कंटाळलेली. पेन्सिलीनं एकेका शब्दावर टिचकी मारत तिनं मोठ्यानं वाचलं.

“‘त्या यंत्राला फक्त दिसायचं. ऐकू यायचं नाही. मला आज कळलं. कापितोलिना.’ एवढंच?”

“एवढंच.”

“हे समजेल का पण तिकडे? मला तर काही समजलं नाही.”

“समजेल.”

“शुभेच्छांच्या रंगीत कागदावर पाठवायची का? फुलंवाला आहे, गुलाबाचा.”

“साध्यावर पाठवा.”

मुलीनं शिक्का उचलला, मग काहीतरी आठवून थांबली. “उत्तराचे पैसे इथंच भरता येतात, काकू. म्हणजे त्यांना तिकडून फुकट उत्तर पाठवता येईल. भरताय?”

“नको, पोरी,” कापितोलिना म्हणाली. “हेच उत्तर आहे.”